दृशे, जीवसे, पातवे: ऋग्वेदातली चतुर्थ्यन्त तुमर्थक रूपं ओळखण्याची रीत

शाळेत संस्कृत घेतलेला माणूस ऋग्वेद मुळातून वाचायला बसला की पहिल्या काही सूक्तांतच अडतो. 'हेत्वर्थक तुमन्त अव्यय' म्हणजे गन्तुम्, कर्तुम्, द्रष्टुम् हे डोक्यात पक्कं बसलेलं असतं, आणि ऋग्वेदात तुम् प्रत्यय मोजक्याच जागी भेटतो. त्याची कामगिरी तिथे मुख्यतः चतुर्थीची रूपं करतात: दृशे, जीवसे, पातवे, हन्तवै, पिबध्यै. ज्यांना हे माहीत नसतं ते या रूपांना कुठल्यातरी नामाची चतुर्थी समजून 'साठी' लावतात आणि वाक्य लंगडतं. ज्यांना हे नुकतंच कळलेलं असतं ते प्रत्येक ए-कारान्त शब्दाला तुमर्थक (तुम् च्या अर्थाचं रूप) ठरवतात. आणि भाषाशास्त्राची चार पानं वाचलेले लगेच लॅटिन, ग्रीक रूपं शेजारी मांडून सगळीच चतुर्थी म्हणून मोकळे होतात.

या तिन्ही चुका पायऱ्यांचा क्रम उलटा केल्यामुळे होतात. अर्थ आधी लावला की रूप त्या अर्थाला जुळवून घेतलं जातं. म्हणून आधी रूप, मग त्याच्या भोवतालचे शब्द, मग अर्थ, आणि इतर भाषांशी तुलना सगळ्यात शेवटी.

## तयारी

टेबलावर तीन गोष्टी हव्यात. सस्वर संहिता (संधीसकट, स्वरचिन्हांसह मूळ पाठ), शाकल्याचा पदपाठ (संधी सोडवून शब्द सुटे केलेला पाठ) आणि एक कोरी वही. पुण्याच्या वैदिक संशोधन मंडळाच्या सायणभाष्यासह काढलेल्या आवृत्तीत संहिता, पदपाठ आणि भाष्य एकत्र मिळतात, पण भाष्य पहिल्या वाचनात झाकून ठेवा. भाष्यकार अशा रूपाचा अर्थ बहुधा तुमन्ताने देतो. अर्थ म्हणून ते बरोबर असतं, पण आपल्याला हवं असलेलं रूप त्यात पुसलं जातं.

स्वरचिन्हांशिवाय छापलेली किंवा उतरवलेली संहिता या कामाला निरुपयोगी आहे. पायरी २ तिच्यावर होऊच शकत नाही.

स्वर वाचायला फार लागत नाही. अक्षराखाली आडवी रेघ म्हणजे अनुदात्त, वर उभी रेघ म्हणजे स्वरित, आणि खालची रेघ संपून वरची रेघ येण्याआधीचं कोरं अक्षर बहुधा उदात्त, म्हणजे उंच स्वराचं. जी॒वसे॑ हा शब्द पाहा: 'जी' खाली रेघ, 'से' वर रेघ, मधला 'व' उदात्त.

वहीत ही प्रत्ययांची यादी उतरवून घ्या.

- नुसत्या धातूला ए: दृशे, भुजे
- असे: जीवसे, चक्षसे
- तवे: पातवे, हन्तवे, दातवे
- तवै: हन्तवै, एतवै
- अध्यै: पिबध्यै
- मने, वने: विद्मने, दावने
- तये: पीतये, ऊतये (ही सगळ्यात फसवी)

पाणिनीने ३.४.९ या सूत्रात ('तुमर्थे सेसेनसे...') पंधरा प्रत्यय सांगितले आहेत. आकडा बघून घाबरू नका. त्यातले न्, क्, ङ्, श् हे इत् आहेत, ते स्वर आणि गुण सांगण्यासाठी जोडलेले. ते काढले की से, असे, अध्यै, तवै, तवे एवढेच उरतात. दृशे त्या यादीत नाही, त्याला पुढचं वेगळं सूत्र आहे (३.४.११, 'दृशे विख्ये च').

## पायरी १: संधी सोडवून मूळ शेवट गाठा

तुमर्थकाची सगळी ओळख शेवटच्या स्वरात असते आणि संधी नेमका तोच गिळते. पुढे 'अ' सोडून दुसरा स्वर आला की ए चा अ होतो आणि ऐ चा आ होतो. म्हणून वरुणाच्या सूक्तात (१.२४.८, म्हणजे मंडल, सूक्त, ऋचा) हे असं दिसतं:

उरुं हि राजा वरुणश्चकार सूर्याय पन्थामन्वेतवा उ ।

'अन्वेतवा' हा शब्द कुठल्याच कोशात मिळणार नाही. पदपाठात तो अनुऽएतवै असा सुटलेला आहे आणि पुढचा 'उ' हा 'ऊँ इति' असा वेगळा दाखवलेला आहे. मधल्या अवग्रहावरून (ऽ) उपसर्ग कुठे संपतो तेही कळतं. त्याच ऋचेत पुढे 'प्रतिधातवेऽकः' आहे, तिथे अकः चा 'अ' लोपला आहे आणि प्रतिऽधातवे जसाच्या तसा.

तपासा: ओळीत '-तवा उ' दिसलं की थांबा. ही जोडी ऋग्वेदात वारंवार येते आणि दर वेळी तिच्यामागे तवै असतं. स्वरानेही ताळा होतो, कारण तवै-अन्त शब्दाला एकाच वेळी दोन उदात्त असतात, आदि आणि अन्त्य. हन्त॒वा उ॑ यात 'ह' आणि 'वा' दोन्ही उदात्त आहेत. एका पदाला एकच उदात्त या नेहमीच्या नियमाला हा ठळक अपवाद आहे आणि पाणिनीने तो नोंदवलाय (६.१.२००). हा प्रत्यय ओळखण्याची इतकी सोपी खूण असताना लोक तो अर्थावरून ओळखायला जातात, याचं नवल वाटतं.

## पायरी २: ए-कारान्तांची गर्दी कमी करा

ए ने संपणारी निम्मी पदं इथेच गळाली पाहिजेत. चार प्रकार वगळा.

सप्तमी. अकारान्त नामाची चतुर्थी -आय ने होते, म्हणून अकारान्ताचा ए हा सप्तमीचा: अध्वरे, रणे. दृशे मागे मात्र दृश् हे व्यंजनान्त आहे, तिथला ए चतुर्थीचा. म्हणजे आधी प्रातिपदिक (विभक्ती लागण्याआधीचं मूळ रूप) ठरवायचं, मग विभक्ती.

द्विवचन. 'द्वे विरूपे चरतः' (१.९५.१) मधले ए द्विवचनाचे आहेत. पदपाठ त्यांना 'द्वे इति' असा इति जोडून प्रगृह्य (संधी न होणारं) म्हणून दाखवतो. तुमर्थकाला हा इति लागत नाही.

आत्मनेपदी क्रियापदं. जीवसे आणि यजसे वरवर सारखे. यजसे म्हणजे 'तू यजन करतोस', जीवसे म्हणजे 'जगायला'. इथे स्वर निकाल देतो: मुख्य वाक्यातलं, पादाच्या (ऋचेच्या चरणाच्या) आरंभी नसलेलं क्रियापद सर्वानुदात्त (एकही उदात्त नसलेलं) असतं, तर तुमर्थकाला नामासारखा स्वतःचा उदात्त असतो.

सावध: हा निकाल दोन ठिकाणी चालत नाही. यद्, यदि, हि अशा शब्दांनी बांधलेल्या वाक्यात क्रियापदालाही उदात्त मिळतो, आणि पादाच्या आरंभीही मिळतो. 'स्तुषे वामश्विना बृहत्' (१.४६.१) मधलं स्तुषे पादारंभी आहे, त्यामुळे स्वरावरून काहीच ठरत नाही. तिथे पुढे वाम् ('तुम्हा दोघांना') आहे आणि वाक्यात दुसरं क्रियापद नाही, म्हणून 'मी स्तुती करतो' असं क्रियापद घेणं सरळ पडतं. वाक्याला दुसरं क्रियापद आहे का, हा प्रश्न इथे विचारायचाच.

परोक्षभूत. ददृशे, चक्रे. द्वित्व दिसलं की सोडून द्या.

## पायरी ३: कर्माची विभक्ती पाहा

खरी परीक्षा ही. चतुर्थीचं रूप तर साध्या भाववाचक नामाचंही असतं. मग 'जीवसे' तुमर्थक आणि 'दक्षाय' नाम, हे कशावरून? त्या रूपाने क्रियापदासारखं कर्म घेतलंय की नामासारखी षष्ठी, यावरून.

प्रातःकाळच्या अश्विनांच्या ऋचेत (१.२२.१) 'अस्य सोमस्य पीतये' आहे. सोमस्य षष्ठी. 'या सोमाच्या पानासाठी.' पीतये हे इथे नाम. सोमपीतये असा समास झाला तर प्रश्नच मिटला, कर्म समासात गेलं की ते नामच.

उलट बाजू बघायला १०.५७.४ इतकी स्वच्छ ऋचा शोधून सापडणार नाही:

आ त एतु मनः पुनः क्रत्वे दक्षाय जीवसे ।
ज्योक् च सूर्यं दृशे ॥

'तुझं मन परत येवो' हे मुख्य वाक्य. एतु हे अकर्मक. मग सूर्यम् ही द्वितीया कोणाची? एतुची असू शकत नाही, दृशेचीच असणार. दृशे तुमर्थक, यात वाद नाही: 'आणि दीर्घकाळ सूर्य बघायला'. आदल्या ओळीत क्रत्वे आणि दक्षाय ही सरळ नामं आहेत (बुद्धीसाठी, सामर्थ्यासाठी), आणि त्यांच्या रांगेत जीवसे बसलंय. जगणं अकर्मक, त्यामुळे कर्माची कसोटी त्याला लावताच येत नाही. नाम म्हणा, तुमर्थक म्हणा, त्या ओळीपुरती दोघांमधली सीमा पुसट आहे. ही रूपं मुळात भाववाचक नामांच्या चतुर्थ्याच होत्या आणि हळूहळू क्रियापदाच्या घरात गेल्या. त्या प्रवासाचं एक पाऊल या तीन शब्दांत पकडता येतं.

आता हीच कसोटी निष्काळजीपणे लावली तर काय होतं ते पाहा:

उदु त्यं जातवेदसं देवं वहन्ति केतवः ।
दृशे विश्वाय सूर्यम् ॥ (१.५०.१)

इथेही दृशे आणि सूर्यम् एकाच पादात आहेत, म्हणून लोक सूर्यम् हे दृशेचं कर्म ठरवतात. पण वर वहन्ति हे सकर्मक क्रियापद आहे आणि त्यं, जातवेदसं, देवं या सगळ्या द्वितीया त्याच्या आहेत. सूर्यम् त्याच माळेतलं: 'त्या जातवेदस् देवाला, सूर्याला, किरणं वर वाहून नेतात'. दृशे तुमर्थक आहेच, पण ते या सूर्यम् वरून सिद्ध होत नाही. ते विश्वाय वरून कळतं, पुढच्या पायरीत.

तपासा: द्वितीया दिसली की आधी मुख्य क्रियापद ती मागतंय का ते विचारा. त्याने नाकारली तरच ती तुमर्थकाच्या खात्यात टाका.

तिसरी शक्यता सगळ्यात जास्त चुकते. कर्म द्वितीयेत नसून तेही चतुर्थीत जातं. 'इन्द्रं वृत्राय हन्तवे' (३.३७.५) याचा अर्थ 'वृत्रासाठी इंद्राला मारायला' असा घेतला की अनर्थ झाला. वृत्राय हे हन्तवेचं कर्म आहे: 'वृत्राला मारायला इंद्राला (हाक मारतो)'. 'अहये हन्तवा उ' (५.३१.४) आणि 'रक्षसे हन्तवा उ' (५.२.१०) तसेच. तुमर्थकाच्या चतुर्थीने शेजारच्या कर्मालाही आपल्या विभक्तीत ओढलं आहे. बाल्टिक भाषांतही अशी दुहेरी चतुर्थी आढळते, त्यामुळे ही काही वैदिक कवींची लहर नाही.

## पायरी ४: करणारा कोण ते शोधा

तुमर्थकाचा कर्ता मुख्य वाक्याच्या कर्त्यापेक्षा वेगळा असला तर वेदात तो चतुर्थीत येतो. अभिजात संस्कृतात तुमुन्‌ला सहसा समान कर्ता लागतो, म्हणून शाळेतली सवय इथे आड येते.

'दृशे विश्वाय': सगळ्यांनी बघावं म्हणून. विश्वाय हे बघणाऱ्याचं पद. (विश्वस्मै का नाही, असं मनात आलं असेल तर बरोबर आलं. सर्वनामाचा प्रत्यय इथे लागलेला नाही.) 'सूर्याय पन्थामन्वेतवै': वाट वरुणाने केली, चालणार सूर्य. 'इन्द्राय पातवे सुनु सोममुलूखल' (१.२८.६): सोम गाळणारं उखळ, पिणारा इंद्र.

मराठी माणसाला इथे आयती मदत आहे. 'इन्द्राय पातवे' म्हणजे शब्दाला शब्द 'इंद्राला प्यायला'. करणारा ला ने, क्रिया ला ने. 'मुलांना खेळायला अंगण', 'गुरांना चरायला कुरण' हे आपण रोज बोलतो, त्यामुळे वाक्याची ठेवण कानाला ओळखीची वाटते. संशयाच्या जागी '-आयला' लावून बघा. वाक्य सहज बसलं आणि करणाऱ्याला 'ला' लागला, तर बहुधा तुमर्थक आहे. 'सोमाच्या पानासाठी' असं नामच वापरावंसं वाटलं, तर बहुधा नाम आहे.

सावध: हाच कान कर्माच्या बाबतीत दगा देतो. मराठीत द्वितीयेलाही ला आणि चतुर्थीलाही ला. 'सूर्याला बघायला' आणि 'वृत्राला मारायला' मराठीत एका साच्याचे, पण मूळात एकीकडे सूर्यम् आहे आणि दुसरीकडे वृत्राय. शिवाय वृत्राय हा मारणारा की मारला जाणारा, हेही ला वरून कळत नाही. म्हणून मराठी कसोटी या पायरीवर, पायरी ३ चा निकाल वहीत लिहून झाल्यावरच लावा.

## पायरी ५: कर्तरी की कर्मणी

तुमर्थकाला प्रयोग नसतो. दृशे म्हणजे 'बघायला' आणि 'दिसायला' दोन्ही. बहुतेक ठिकाणी याने अडत नाही. अडतं ते तुमर्थक विधेय म्हणून आलं की. यमाच्या सूक्तात (१०.१४.२):

नैषा गव्यूतिरपभर्तवा उ

क्रियापद नाही. एषा गव्यूतिः प्रथमेत, आणि विधेय अपभर्तवै. 'हे कुरण हिरावून घेण्यासाठी नाही' असं भाषांतर केलं तर वाचणाऱ्याला काही बोध होत नाही. 'हे कुरण हिरावून घेता येण्यातलं नाही' हे बरोबर. कृत्य प्रत्ययाचा (-तव्य, -अनीय यांचा) अर्थ इथे तवै देतो, आणि पाणिनीनेही तो तसाच दिला आहे (३.४.१४). नकार, प्रथमा आणि तवै एकत्र दिसले की 'साठी' विसरा.

## पायरी ६: आता, आणि आताच, इतर भाषांशी तुलना

तुलना करताना रूपाचे तीन तुकडे करा: धातू, प्रत्यय, विभक्तीचा शेवट. तिन्ही जुळले तरच 'तेच रूप' म्हणायचं.

तिन्ही जुळतात असं उत्तम उदाहरण अवेस्तेत (पारशांच्या धर्मग्रंथात) आहे. वैदिक -ध्यै आणि अवेस्तेतलं -द्याइ एकच. यस्न ४५.५ मध्ये 'स्रूइद्याइ' म्हणजे 'ऐकायला', धातू आपला श्रु. सोबत 'मर्तएइब्यो' आहे, म्हणजे 'मर्त्यांना': मर्त्यांना ऐकायला जे सर्वोत्तम ते वचन. करणारा चतुर्थीत, थेट विश्वाय दृशेसारखा.

ग्रीकमध्ये होमरचं 'इद्मेनाइ' (जाणायला) आणि ऋग्वेदातलं विद्मने ('पृच्छामि विद्मने न विद्वान्', १.१६४.६) यांचा धातू आणि मन् प्रत्यय जुळतो. सायप्रसच्या बोलीतलं 'दोवेनाइ' आणि दावने तसंच. शेवट मात्र अडतो. मायसिनियन ग्रीकमध्ये व्यंजनान्ताची चतुर्थी -एइ ने होते, आणि इथे आहे -आइ. म्हणून 'ग्रीकमध्येही चतुर्थीच' असं ठोकून देऊ नका. त्यावर वाद आहे.

सगळ्यात जास्त फसवतं ते लॅटिन. जीवसे शेजारी 'वीवेरे' (जगणं) मांडलं की धातू एक, प्रत्यय एक (दोन स्वरांमधल्या स् चा लॅटिनमध्ये र् होतो), आणि शेवटी दोन्हीकडे ए. मोह अनावर होतो. पण ते दोन ए वेगळे आहेत. आपला ए जुन्या 'एइ' मधून आला. लॅटिनमध्ये त्या 'एइ' चा दीर्घ ई झाला: राजा या शब्दाची चतुर्थी 'रेगी'. वीवेरेचा शेवटचा ए ऱ्हस्व आहे आणि ऱ्हस्व इ पासून आलेला आहे, जसा 'मारे' (समुद्र) या शब्दात. ऱ्हस्व इ ही सप्तमीची खूण, म्हणून वीवेरे ही सप्तमी मानतात. प्रत्यय तोच, विभक्ती वेगळी. लॅटिनमध्ये चतुर्थी शोधायचीच असेल तर 'अगी' सारख्या कर्मणी रूपांकडे बघा, तिथे तो दीर्घ ई आहे.

आणि आपला तुम्? तो द्वितीया आहे. तु प्रत्ययान्त एकाच नामाची तुम् ही द्वितीया, तवे ही चतुर्थी, तोः ही पंचमी-षष्ठी. अभिजात संस्कृतात त्यांतली द्वितीया तेवढी टिकली. लॅटिनमध्ये 'झोपायला जाणं' या अर्थी 'कुबितुम् ईरे' म्हणतात, त्यातलं 'तुम्' हे त्या द्वितीयेचं भावंड. तेव्हा 'तुमर्थक म्हणजे मुळात चतुर्थी' हे वाक्य वेदाच्या बहुतेक रूपांना लागू, सगळ्या घराण्याला नाही. जर्मानिक शाखेतलं -अन् सुद्धा चतुर्थीतून आलेलं मानत नाहीत.

## पायरी ७: नोंद कशी करायची

वहीत प्रत्येक रूपापुढे पाच गोष्टी लिहा: पदपाठातलं रूप, प्रत्यय, कर्म व त्याची विभक्ती, करणारा व त्याची विभक्ती, आणि निकाल. निकालाला 'नाम', 'तुमर्थक' आणि 'अनिर्णीत' असे तीन पर्याय ठेवा. 'अनिर्णीत' हा निकाल कधीच येत नसेल तर तुम्ही घाईत आहात.

एक नमुना: ३.३७.५, हन्तवे, तवे, कर्म वृत्राय (चतुर्थी), करणारा इन्द्रम् (मुख्य वाक्याचं कर्म), तुमर्थक. त्याच ऋचेच्या शेवटी वाजसातये आहे. समास, म्हणून नाम. एकाच ऋचेत दोन निकाल आले की गोंधळू नका, तसं वारंवार होतं.

सरावाला १.२५.२१ घ्या: 'उदुत्तमं मुमुग्धि नो वि पाशं मध्यमं चृत । अवाधमानि जीवसे'. इथे जीवसेला कर्म नाही. करणारा म्हणून पहिल्या पादातला नः ओढून आणता येतो, पण नः द्वितीया, चतुर्थी, षष्ठी तिन्हींना चालतो आणि तो मुमुग्धिशेजारी बसलाय. भाष्य उघडण्याआधी आपला निकाल पेनाने लिहून ठेवा.